भित्तिपत्रकाचे वाचन : रेल्वेची जुनी प्रवासचित्रे

ब्रिटनमधील रेल्वेची जुनी प्रवासविषयक भित्तिपत्रके आज संग्राहक मोलाने जपतात. त्यांपैकी अनेकांवर छपाईचे वर्ष नसते. मग त्यांचा काळ कसा ठरवावा?

येथे चित्रापेक्षा तळाचा मजकूर उपयोगी पडतो. १९२३ मध्ये तेथील बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. १९४८ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन ‘ब्रिटिश रेल्वेज’ हे नाव आले. म्हणून तळाशी छापलेले कंपनीचे नाव हा कालनिश्चितीचा पहिला पुरावा होय.

उदाहरण पाहू. १९०८ मध्ये जॉन हॅसल यांनी ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी स्केगनेस या समुद्रकाठच्या गावाचे भित्तिपत्रक तयार केले. त्यात वाळूवरून उड्या मारत निघालेला गुबगुबीत कोळी आहे. उत्तर समुद्रावरचा बोचरा वारा प्रवाशाला नकोसा वाटण्याजोगा. शीर्षकाने मात्र तीच हवा तरतरी आणणारी ठरवली. जाहिरातीतील शब्दयोजनेचे सामर्थ्य ते हेच. पुढे लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने हेच चित्र पुन्हा वापरले. त्यामुळे केवळ चित्र ओळखून प्रत १९०८ ची मानणारा संग्राहक फसू शकतो.

चौकटीत बसवण्यासाठी भित्तिपत्रकाच्या कडा कापल्या, तर चित्र उरते. त्याचा जन्मदाखला मात्र नाहीसा होतो.

स्वाध्याय : आपल्या संग्रहातील एखादी जुनी छापील जाहिरात घ्या. केवळ मजकुराच्या आधारे तिचा काळ ठरवा व कारणे लिहा.