जव्हार-मोखाड्यात सौर कृषिपंपाचे अनुदान: भातकापणीनंतरची कामे

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या ५ टक्के आणि इतरांना १० टक्के रक्कम भरावी लागते. बाकीचा खर्च केंद्र व राज्य शासन उचलते. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेच्या आधारे राज्याने ही योजना २०२४ मध्ये सुरू केली असून ती महावितरण राबवते. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत बहुसंख्य खातेदार आदिवासी असल्याने ५ टक्क्यांचा हिस्साच बहुतेकांना लागू होतो. डोंगरउतारावरच्या शेतापर्यंत विजेचे खांब पोचणे अवघड आणि डिझेल महाग, म्हणून इथे या पंपाचा उपयोग मोठा आहे.

मात्र अर्जाआधी पाणी पाहावे. या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण कातळ आणि तीव्र उतारामुळे तो वाघ, पिंजाळ, वैतरणेतून वाहून जातो. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला पाणी जाते आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. कार्तिकात तुडुंब दिसणारी विहीर होळीपर्यंत तळ गाठू शकते. अशा विहिरीवर बसवलेला पंप ऐन गरजेच्या वेळी बंद राहतो. त्यामुळे नोव्हेंबरपासून दर पंधरवड्याला दोरीने पाण्याची पातळी मोजून नोंद ठेवावी. विहीर उपसल्यावर ती किती तासांत पुन्हा भरते, हेही पाहावे.

पाणी टिकत नसेल तर आधी त्याचीच सोय करावी. बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेत आदिवासी शेतकऱ्यांना नवी विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती आणि शेततळ्याच्या अस्तरीकरणासाठी अनुदान मिळते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असून चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करता येते. जमीन वनहक्काची असल्यास सनद सोबत न्यावी. विहिरीचे खोलीकरण एप्रिल-मेमध्ये, पाणी सर्वांत खाली गेलेले असताना करावे, म्हणजे खरी खोली कळते. ओहोळ वाहता असेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालावा. जवळच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो.

पंपाची क्षमता जमिनीवर ठरते: अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून अधिक जमिनीला साडेसात. सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद असणे आवश्यक आहे. अर्ज अडकण्याचे ते एक नेहमीचे कारण असल्याने नोंद नसेल तर तलाठ्याकडून आधी करून घ्यावी. सामाईक खाते असल्यास इतर हिस्सेदारांची संमती लागते. सोबत आधार, बँक पासबुक आणि जातीचा दाखला जोडावा. हिश्श्याची रक्कम महावितरणच्या पोर्टलवरूनच भरावी, कोणाच्याही हातात रोख देऊ नये. पुरवठादार यादीतून निवडण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे २० अंशांच्या कलाने आणि साग-ऐनाच्या सावलीपासून दूर बसवावेत. थोडीशी सावलीही उत्पादन बरेच घटवते. राब भाजण्याची जागा पॅनेलपासून लांब ठेवावी. धग आणि ठिणग्यांनी नुकसान होते आणि राख काचेवर बसते. काच सकाळी, गार असताना धुवावी.

मोगरा, काजू किंवा भाजीपाल्याला थेट पाट सोडण्यापेक्षा दिवसा वरच्या टाकीत पाणी चढवून ठिबकने द्यावे. ठिबकसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पाच वर्षे देखभालीची जबाबदारी पुरवठादाराची असते, म्हणून तक्रार लेखी नोंदवावी. मृगापूर्वी नटबोल्ट आणि अर्थिंग तपासून घ्यावे. पावसाळ्यात पंपाची गरज नसली तरी तो मधूनमधून काही मिनिटे चालवावा, म्हणजे जाम होत नाही.