मजकूर शाबूत, अक्षरे बेपत्ता

मराठी मजकुराची फाईल उघडल्यावर पडद्यावर रोमन चिन्हांची खिचडी, रिकामे चौकोन किंवा प्रश्नचिन्हांची रांग दिसली, की ‘फाईल करप्ट झाली’ असा निर्वाळा देऊन मोकळे होण्याची रीत महाड आणि पोलादपूरच्या बाजारपेठांत चांगलीच रुळली आहे. हा निर्वाळा बहुधा चुकीचा असतो, आणि त्याची किंमत मात्र मजकुराच्या मालकाला मोजावी लागते.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा तळमजल्यावरील अनेक संगणक निकामी झाले आणि पेनड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये वाचलेल्या फाईली नव्या यंत्रांवर उघडण्याची वेळ आली. प्रस्तुत लेखकाने संपादन केलेल्या, पोलादपूर तालुक्यातील एका ग्रामस्थ मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूरही असाच वाचला होता. ज्या व्यावसायिकाकडे तो नेण्यात आला, त्याने मूळ फॉन्ट कोणता होता हे विचारण्याची तसदीही न घेता ‘डेटा गेला, पुन्हा टाईप करून घ्या’ असे सांगितले, पुनर्टंकनाचे पूर्ण पैसे आगाऊ घेतले आणि घाईघाईने जो मजकूर हाती दिला, त्यात सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ सर्वत्र ‘दर्या’ झालेल्या होत्या.

खरा प्रकार उलगडला तो मूळ फाईलमधील काही परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवल्यावर. मजकुरात जिथे जिथे उमरठ हे गाव यायला हवे होते, तिथे तिथे नेमकी तीच रोमन चिन्हे, नेमक्या त्याच क्रमाने उमटत होती. नष्ट झालेल्या मजकुरात अशी शिस्त राहूच शकत नाही. अर्थात माहिती जागच्या जागी होती आणि नव्या यंत्रावर फक्त फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांचा संच, बसवलेला नव्हता. तो फॉन्ट असलेल्या दुसऱ्या संगणकावर तीच फाईल कानामात्रेसह अखंड उघडली. हे दाखवल्यावर त्या व्यावसायिकाने ‘तुमच्या पेनड्राइव्हमध्येच गडबड असेल’ असे उत्तर दिले. पैसे परत केले नाहीत आणि दिलगिरीचा एक शब्दही उच्चारला नाही. ज्या संपादकाने फाईल जपून ठेवली, त्याच्यावरच हलगर्जीपणाचा ठपका ठेवण्याचा हा प्रकार संतापजनक होता आणि आजही आहे.

या घोटाळ्याचे मूळ जुने आहे. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरी आकृत्यांचे तुकडे बसवलेले असत, आणि ही मांडणी प्रत्येक प्रणालीची वेगळी असे. त्यामुळे फॉन्ट नसेल तर संगणक त्या जागांवरची रोमन चिन्हेच दाखवतो. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १२८ स्वतंत्र जागा मिळाल्या, तरी २००१ मध्ये शेवटची आवृत्ती निघालेल्या पेजमेकरमध्ये युनिकोडची सोय नव्हती आणि मराठी छपाईव्यवसाय त्या पेजमेकरला पुढेही बराच काळ चिकटून राहिला, म्हणून जुन्या फाईलींचे डोंगर साचले.

अशा वेळी प्रथम वर्डमध्ये मजकूर निवडून फॉन्टच्या रकान्यातील नाव टिपून घ्यावे. मात्र फॉन्ट यंत्रावर नसला तरी वर्ड त्याचे नाव दाखवतेच, हे ध्यानात ठेवून ते नाव विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्येही शोधावे. तिथे नसेल तर ती टीटीएफ फाईल जुन्या यंत्रावरून किंवा ज्याने मजकूर जुळवला त्याच्याकडून मिळवून बसवावी. जुना मजकूर नुसता वाचायला तेवढी फाईल पुरते, मूळ सॉफ्टवेअर आणि त्याचे डोंगल नसले तरी चालते. ही गोष्ट दुकानांत सहसा सांगितली जात नाही.

मजकुरात माथ्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुनःपुन्हा दिसत असेल, तर दुखणे वेगळे असते. तो युनिकोड मजकूरच असतो; यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि संगणक ते तीन वेगळी चिन्हे समजून वाचत असतो. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाईल दुहेरी क्लिक करून उघडल्यास हे बऱ्याचदा घडते. त्याऐवजी ‘डेटा’ मेनूतून ती आयात करून ६५००१ हा यूटीएफ-८चा पर्याय निवडावा. चौकोन दिसणे म्हणजे निवडलेल्या फॉन्टमध्ये ते अक्षर नसणे. फॉन्ट बदलून पाहावा. प्रश्नचिन्हे मात्र खरोखर वाईट, कारण फाईल ‘एएनएसआय’ पद्धतीने जतन झाली असेल तर मूळ अक्षरे त्या प्रतीतून कायमची गेलेली असतात.

विंडोज १० मध्ये मंगल हा फॉन्ट देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचात, म्हणजे ऐच्छिक घटकांत, गेला असल्यामुळे तो न बसवलेल्या यंत्रावर जुनी पत्रे निर्मला यूआय या फॉन्टमध्ये उघडतात आणि पाने सरकतात. हा बिघाड नव्हे. त्यासाठी कोणी यंत्र फॉरमॅट करायला सांगितले तर नकार द्यावा. जुना मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणल्यावर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’ ही ठिकाणे डोळ्यांनी तपासावीत, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो आणि त्यांची जागा बदलताना परिवर्तक चुकतात. छपाईला देताना फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी आणि ती उघडून ‘प्रॉपर्टीज’मधील फॉन्टच्या यादीत प्रत्येक नावापुढे तसा उल्लेख आहे का, हे पाहावे. नियमित बॅकअप घ्यावा, हे वेगळे सांगायला नको. पण त्या बॅकअपमध्ये फॉन्टच्या फाईलीही असाव्यात, आणि दुरुस्तीला यंत्र देताना कोणते फॉन्ट बसवलेले आहेत याची यादी पावतीवर लिहून त्यावर दुकानदाराची सही घ्यावी.