बाजाराला ‘पुरे’ म्हणता येत नाही

‘भांडवलशाही आणि निसर्गसंवर्धन’ हे शब्द कानावर पडले की आपल्याला वाटते, हा कॉलेजातल्या अर्थशास्त्राचा विषय. पण अर्नाळा, नायगाव, उत्तन या आपल्या किनाऱ्यावर होड्या येतात आणि माशांचा भाव ठरतो, तेव्हा हाच प्रश्न टोपलीत समोर पडलेला असतो. भांडवल घालावे, नफा मिळवावा, तो नफा पुन्हा धंद्यात घालावा, अशी भांडवलशाहीची सरळ चाल आहे. तिने अनेकांना रोजगार दिला हे नाकारता येत नाही. मात्र समुद्रासारख्या देणगीशी या चालीचे कितपत जमते, हे आज आपण मासेमारीच्याच उदाहरणाने समजून घेऊ.

न्यूफाउंडलंडचा धडा

कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. त्याच्या जवळच्या समुद्रात कॉड मासा इतका होता की सुमारे पाचशे वर्षे युरोपातील कोळी तेथे येत राहिले. लहान होड्या, गळ आणि साधी जाळी यांनी कितीही मासे धरले तरी समुद्र ती तूट भरून काढत होता.

१९५० च्या दशकात मोठे ट्रॉलर आले. मासा पकडायचा, बोटीवरच साफ करायचा आणि गोठवायचा, असा तो तरंगता कारखाना होता. १९६८ साली तेथील कॉडची पकड सुमारे आठ लाख टनांवर गेली. नंतर ती घसरू लागली. १९७७ साली कॅनडाने दोनशे सागरी मैलांची हद्द आखून परदेशी बोटींना बाहेर ठेवले. पण रिकाम्या झालेल्या जागी स्वतःच्या कंपन्यांचे ट्रॉलर उतरवले. ‘मासा लहान होत चालला आहे, कमी मिळतो आहे,’ असे किनाऱ्याजवळचे छोटे कोळी सांगत होते. ट्रॉलरची पकड मात्र चांगली दिसत होती, कारण यंत्रे उरलासुरला थवाही शोधून काढत होती. शास्त्रज्ञांचे अंदाजही त्यामुळे चुकले.

२ जुलै १९९२ रोजी सरकारने कॉडची व्यापारी मासेमारी बंद केली. सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांसाठी होती. ती उठायला २०२४ साल उजाडले, आणि तेव्हाही पकडीची मर्यादा फक्त अठरा हजार टन ठेवावी लागली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या ट्रॉलरांमध्ये साम्यवादी सोव्हिएत रशियाचेही ट्रॉलर होते. तेव्हा हाव ही एकाच अर्थव्यवस्थेची मिरास आहे असे आपण म्हणू शकत नाही.

व्याजाचे गणित

काहीजण म्हणतात, समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही म्हणून लुटला जातो. मालक ठरवून दिला की तो आपोआप जपेल. कॅनडाचे गणिती कॉलिन क्लार्क यांनी १९७३ साली हे म्हणणे तपासले. त्यांच्यासमोर देवमाशाचे उदाहरण होते. त्याची वाढ फार सावकाश होते.

त्यांचा मुद्दा आपण आपल्या हिशेबाने मांडू. समजा, समुद्रातला साठा वर्षाला शंभराचा एकशे पाच होतो, आणि तेच पैसे दुसरीकडे गुंतवले तर शंभराचे एकशे दहा होतात. मग फक्त नफा पाहणारा मालक काय करील? सगळे मासे आजच विकून पैसे गुंतवील. मालक वेडा नाही, त्याचा हिशेबही बरोबर आहे. त्या हिशेबात उद्याच्या समुद्राला जागाच नाही. शेठ सज्जन असून भागत नाही. भावाला मागणी कळते, खर्च कळतो; ‘पुरे’ कधी म्हणायचे ते कळत नाही.

मग बाजार टाकाऊ आहे का?

नाही. न्यूझीलंडने १९८६ साली वेगळी वाट धरली. कोणत्या जातीचा किती मासा वर्षभरात धरायचा ते आधी ठरवायचे, मग त्याचे वाटे करायचे आणि त्या वाट्यांची खरेदी-विक्री करू द्यायची. आइसलंडनेही हीच पद्धत घेतली. माशांचे साठे सावरायला तिची मदत झाली. पण येथे क्रम महत्त्वाचा आहे. मर्यादा आधी शासनाने घातली, बाजार तिच्या आत चालला. दुसरीही बाजू आहे. वाटे हळूहळू पैसेवाल्यांकडे जमा झाले आणि लहान गावांच्या हातून मासेमारी निसटली. म्हणजे मासा वाचला की काम संपले, असे होत नाही. कोळीही वाचला पाहिजे.

आपला किनारा

नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला ठेवण्याची रीत आपल्याकडे कायद्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. केंद्र शासनाने २०१५ साली पश्चिम किनाऱ्यासाठी ६१ दिवसांची बंदी ठरवली. २०१७ साली एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आली. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकार ठरवले. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे.

कायदा झाला, तरी बारीक पापलेट बाजारात का येते? नाखवाला सरसकट दोष देणे सोपे आहे. पण बोटीवर कर्ज असते, डिझेल महाग असते, खलाशांचा पगार थांबत नाही. हप्ता पिल्लू मोठे होईपर्यंत वाट पाहत नाही. क्लार्क यांचे व्याजाचे गणित असे आपल्याच पाड्यात येऊन बसले आहे. म्हणून बंदीच्या काळात कोळी कुटुंबाला आधार आणि होडीसाठी परवडणारे कर्ज, हेही निसर्गसंवर्धनच आहे. आणि तळहाताएवढे पापलेट स्वस्तात मिळाले म्हणून आनंदाने घरी नेणारे आपण गिऱ्हाईक आहोत, हेही विसरून चालणार नाही.

ख्रिस्तसभा काय सांगते?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ सालच्या परिपत्रकात बाजाराचे फायदे मान्य केले. पण नैसर्गिक पर्यावरणासारख्या सामाईक गोष्टींचे रक्षण केवळ बाजाराच्या यंत्रणेवर सोपवता येत नाही, असेही बजावले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’मध्ये हाच विचार पुढे नेला. पवित्र शास्त्रात तर ही शहाणीव फार जुनी आहे. अनुवादाच्या पुस्तकात (अनु. २२ : ६-७) पाखराचे घरटे सापडले तर पिल्ले घ्यावीत पण आईला सोडून द्यावे, असा नियम आहे. लेवीयमध्ये सातव्या वर्षी जमिनीला विसावा दिला आहे. घेऊ नका असे शास्त्र म्हणत नाही. घेताना उद्यासाठी काय राखले, ते विचारते.

बाजार हा चांगला नोकर आहे. ‘पुरे’ म्हणण्याचे काम कायद्याने, गावाने आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीने करायचे आहे.

कुटुंबात व समूहात चर्चेसाठी

१. मागच्या महिन्यात आपण किमान आकाराहून लहान मासा विकत घेतला का? मासळीवालीशी त्याविषयी आपण काय बोलू शकतो?

२. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत आपल्या धर्मग्रामातील कोळी कुटुंबे कशी राहतात, याची आपल्याला माहिती आहे का?

३. शेती, विहिरी, वाळू यांपैकी कोणत्या बाबतीत आपल्या गावाने एकत्र बसून ‘पुरे’ म्हणण्याची वेळ आली आहे?