मुंबई ते न्यूयॉर्क : नकाशावरील अंतर आणि पृथ्वीवरील अंतर

पोलादपूरहून महाबळेश्वर सरळ रेषेत सुमारे २१ किलोमीटर आहे. आंबेनळी घाटातून जाणाऱ्या गाडीला मात्र सुमारे ४० किलोमीटर कापावे लागतात. घाटाची वळणे डोळ्यांसमोर असल्याने या फरकाचे आपणांस नवल वाटत नाही. आकाशात तर वळणे नाहीत. मग न्यूयॉर्कला निघालेल्या विमानाचा मार्ग मुंबईहून थेट पश्चिमेस न जाता उत्तरेकडे का झुकतो, हे समजून घेऊ.

मर्केटर पद्धतीच्या नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून रेषा ओढली, तर ती अरबस्तान, इजिप्त, अल्जेरिया ओलांडून अटलांटिक महासागरावर जाते. या मार्गाची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. परंतु कागद सपाट आहे आणि पृथ्वी गोल. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्या बिंदूंतून जाणाऱ्या बृहद्‌वृत्ताचा लहान कंस होय. बृहद्‌वृत्ताचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशीच असते.

आता कृती करू. ३० सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर मुंबई व न्यूयॉर्क यांमध्ये दोरा ताणून धरावा. तो रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँड यांवरून जाईल आणि त्याची लांबी सुमारे २९.५ सेंटीमीटर भरेल. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर व गोलाचा सुमारे ९४ सेंटीमीटर. म्हणजे १ सेंटीमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे १२,५०० किलोमीटर. पट्टीची रेषा सरळ दिसली, तरी तीच सुमारे १,७०० किलोमीटरांनी लांबची ठरली. प्रत्यक्ष उड्डाण मात्र वारे आणि बंद असलेली हवाई हद्द पाहून आखतात; म्हणून ते या किमान अंतरापेक्षा थोडे अधिक असते.

जुलै १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले, ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आणि समुद्रमार्गे. कोलंबिया विद्यापीठाचे दार त्यांना उघडे होते. इकडे आपल्या महाडात, घरापासून चार पावलांवरचे चवदार तळे आपल्या पूर्वजांस अस्पर्शच होते. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव केले. कागदावर ते अंतर मिटले. जमिनीवर ते मिटवण्यास २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तळ्यावर चालत जावे लागले, आणि न्यायालयातील लढा तर १९३७ पर्यंत चालला.

म्हणूनच आम्ही वर्गात नकाशा दाखवून थांबत नाही. मुलांच्या हाती गोल आणि दोरा देतो. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे : या आणि स्वतः पाहा. परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शहरापासून महाडपर्यंतचे अंतर असेच मोजावे, आणि सुटीत येतील तेव्हा ते आमच्या मुलांना गोलावर दाखवावे.