सही नको, प्रश्न पाठव!
(नारळीकर वाचायचे आणि जमवायचे कसे?)

डॉ. जयंत नारळीकरांकडे शाळेतली मुलं वही पुढे करून सही मागायची. ते सही देत नसत. मला एका पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन, असं सांगत. मुलं खरंच प्रश्न पाठवत आणि उत्तरं खरंच येत. म्हणजे ज्याला सही हवी, त्याने आधी डोकं चालवायचं!

२० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात गेले. आता त्यांचं पोस्टकार्ड कोणालाच येणार नाही. मागे राहिली ती पुस्तकं, आणि ती जपणारे आपण वाचक. आवडत्या लेखकाच्या मागे त्याचे चाहते दोन गोष्टी करतात. एक म्हणजे त्याचं लिखाण जमवतात आणि दुसरी म्हणजे त्याचा दिवस साजरा करतात. या दोन्ही गोष्टी नारळीकरांच्या बाबतीत नीट कशा करायच्या, याचा हा छोटासा अभ्यास. मित्र-मैत्रिणींनो, याला एक बिनमार्कांची असाइनमेंट समजा!

१. आधी थोडी ओळख

जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. बालपण बनारसला, कारण वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. पुढचं शिक्षण केंब्रिजला. तिथे फ्रेड हॉइल हे त्यांचे गुरू. गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला. हे हॉइल नुसते खगोलशास्त्रज्ञ नव्हते, तर त्यांनी १९५७ मध्ये 'द ब्लॅक क्लाउड' नावाची विज्ञान कादंबरीही लिहिली होती. म्हणजे मोठ्या शास्त्रज्ञाने गोष्ट लिहिली तर त्याची काही इज्जत जात नाही, हे नारळीकरांनी घरातच, आपलं गुरूच्या घरातच, पाहिलं होतं.

१९७२ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९८८ मध्ये पुण्याला 'आयुका' ही संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'चार नगरांतले माझे विश्व'. ही चार नगरं म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. या पुस्तकाला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

इथे एक गोष्ट आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. बनारसला वाढलेला, केंब्रिजला शिकलेला आणि जगभर इंग्रजीत पेपर वाचणारा हा माणूस गोष्ट लिहायची वेळ आली तेव्हा मराठीत लिहायला बसला. "आमचं मराठी कच्चं आहे हो" ही सबब मग जरा लंगडीच पडते, नाही का?

२. पहिली कथा, खोट्या नावाने

१९७४ ची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजेच नारळीकर! जयंत विष्णु नारळीकर, जविना. तीच आद्याक्षरं उलटी केली की नाविज, म्हणजे नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी नाव बघून नव्हे, कथा वाचून मार्क द्यावेत हा हेतू. आपल्या युनिव्हर्सिटीच्या पेपरवर सीट नंबर असतो, नाव नसतं, त्यातलाच प्रकार.

पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. १९७९ मध्ये मौज प्रकाशनाने 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह काढला. मग 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस', 'अभयारण्य', 'अंतराळातील भस्मासूर', 'टाइम मशीनची किमया' अशी रांगच लागली. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. खोट्या नावाने स्पर्धेत उतरलेला लेखक सत्तेचाळीस वर्षांनी त्या खुर्चीपर्यंत पोचला.

३. एक कथा, अनेक वेष

संग्रह करायचा म्हणजे कपाटात पुस्तकं लावायची एवढंच नाही. नारळीकरांच्या बाबतीत खरी गंमत अशी, की एकच कथा वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळ्या नावांनी फिरते. आपल्याकडे ती आधीच असते आणि आपल्याला पत्ता नसतो.

सीबीएसईमधून आलेल्यांना अकरावीचं 'हॉर्नबिल' आठवतं का? एनसीईआरटीच्या त्या इंग्रजी पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' नावाचा धडा घेतला आहे. प्रोफेसर गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि भलत्याच मुंबईत पोचतात, तोच तो. त्याची मूळ मराठी कथा म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. नुसती शीर्षकं शेजारी ठेवून बघा. इंग्रजी नाव कुठल्याही कथेला चालेल. मराठी नाव वाचलं की १४ जानेवारी १७६१ डोळ्यांपुढे येतो आणि बोलता बोलता आपण एखाद्याचं 'पानिपत झालं' म्हणतो तेही आठवतं. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी जर हुकली असती तर? एवढ्या एका प्रश्नावर कथा उभी आहे. मराठी घरात ज्या प्रश्नाची हळहळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तो प्रश्न लेखकाने क्वांटम सिद्धांताच्या हातात दिला.

तसंच 'उजव्या सोंडेचा गणपती' इंग्रजीत 'द रेअर आयडॉल ऑफ गणेश' होतो, तर 'वामन परत न आला' ही 'द रिटर्न ऑफ वामन' होते. मराठी नावात वामन परत येत नाही आणि इंग्रजी नावात परत येतो! असं का, हे दोन्ही वाचून ज्याचं त्याने ठरवावं. मुंबईत बर्फ पडतो ती हिमयुगाची कथा 'द आइस एज कमेथ' या नावाने 'इट हॅपन्ड टुमॉरो' या १९९३ च्या संग्रहात आहे. बाळ फोंडके यांनी संपादित केलेला हा संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने काढला.

म्हणून संग्राहकाने एक साधी वही करावी. कथेचं मराठी नाव, इतर भाषांतलं नाव, कुठल्या पुस्तकात आहे, कितवी आवृत्ती आणि प्रत कोणाकडे आहे, असे पाच कॉलम. आवृत्तीसाठी पुस्तकाच्या सुरुवातीचं ते पान बघायचं, ज्यावर प्रकाशक, मुद्रक आणि वर्ष छापलेलं असतं. आपण ते पान नेहमी उलटून पुढे जातो. संग्राहकासाठी तेच पहिलं पान.

४. विज्ञान काढून टाकलं तर?

आता जमवलेलं वाचायचं कसं? एक सोपी कसोटी सांगते. कथेतलं विज्ञान काढून टाका. कथा तरीही उभी राहिली, तर विज्ञान फक्त रंगरंगोटीला होतं. कथा कोसळली, तर ती खरी विज्ञानकथा. आपल्या सिव्हिलवाल्यांच्या भाषेत, ती भिंत लोडबेअरिंग आहे की नुसतं पार्टिशन, हे बघायचं.

'उजव्या सोंडेचा गणपती' घ्या. कथेत डावं ते उजवं होतं. यात चमत्कार नाही, मोबियस पट्टी आहे. हॉस्टेलच्या खोलीत करून बघा. प्रोजेक्ट रिपोर्टच्या बाइंडिंगला वरून जी पारदर्शक शीट लावतात, तिची तीन सेंटिमीटर रुंद लांब पट्टी कापा. एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि दोन्ही टोकं चिकटवा. पट्टीवर एके जागी मार्करने 'ग' काढा. तसाच 'ग' त्याच शीटच्या छोट्या तुकड्यावर काढून तो तुकडा पहिल्या 'ग'वर ठेवा. आता तुकडा पट्टीला चिकटून, न उलटवता, सरकवत न्या. एक फेरी पूर्ण होऊन तो मूळ जागी आला की पट्टीच्या आरपार बघा. दोन 'ग' एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं झालेली दिसतील! तुकडा कोणीही उलटवला नाही. तो ज्या पट्टीवरून फिरला, तिचा आकारच तसा आहे. आपण राहतो त्या अवकाशातच असा पीळ असला आणि कोणी त्यातून फेरी मारून आला तर? बस्स, झाली कथा. मोबियस पट्टी काढून घ्या, खाली काहीच उरत नाही.

'वामन परत न आला' हीच कसोटी पास होते. उत्खननात एका जुन्या प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातल्या माहितीवरून वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो, आणि मग तो स्वतःसारखे आणखी यंत्रमानव बनवू लागला तर काय, हा प्रश्न उभा राहतो. कादंबरी १९८० च्या दशकातली आहे. आज कॉम्प्युटर आणि आयटीच्या वर्गात एआयवर जो वाद चालतो, तो मेसमधल्या चहाइतका गरम आहे. त्या वादात पडण्याआधी प्रत्येकाने वामनची गाठ घ्यावी.

५. शोधायचं कुठे?

नवी मुंबईत राहण्याचा एक फायदा आहे. हार्बर लाइनने चुनाभट्टीला उतरलात की मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन जवळच आहे. 'कृष्णविवर'ला बक्षीस देणारी तीच ही परिषद, स्थापना १९६६. वाशीहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली तर ठाणे. तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. जुनी मासिकं आणि दिवाळी अंक पाहायचे तर अशाच ठिकाणी जायला हवं.

दिवाळी अंकांवर जरा थांबू या. मराठीत कथा बहुतेक वेळा आधी मासिकात किंवा दिवाळी अंकात येते, पुस्तक नंतर. पण अंक जपतं कोण? फराळ संपला की अंक रद्दीत! म्हणून सुट्टीत गावी जाल तेव्हा माळ्यावरचे गठ्ठे रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा चाळा. आजोबांनी बांधून ठेवलेला एखादा खंड सापडला, तर तो जपून आणा आणि वहीत नोंदवा.

६. पेनड्राइव्हमधले नारळीकर

आता थोडं कडू. "आमच्याकडे सगळे नारळीकर पीडीएफमध्ये आहेत" असं सांगणारा प्रत्येक मजल्यावर एक तरी भेटतो. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. म्हणजे नारळीकरांच्या पुस्तकांवर २०८५ अखेरपर्यंत. अख्खं पुस्तक स्कॅन करून वाटणं ही चोरीच झाली. ती आपण सेवा म्हणून करतो, एवढंच.

कायदा बाजूला ठेवला तरी नुकसान आपलंच आहे. अशा स्कॅनमध्ये बहुधा मुखपृष्ठ नसतं, आवृत्तीचं पान नसतं, मधली चार पानं गायब असतात. आणि महत्त्वाचं म्हणजे पुस्तक विकलंच गेलं नाही तर प्रकाशक पुढची आवृत्ती काढेल कशाला? खोलीतल्या चौघांनी मिळून एक प्रत घ्यावी, आळीपाळीने वाचावी आणि पास आउट होताना हॉस्टेलच्या कपाटात ठेवून जावी. पुढच्या बॅचला ती आयती मिळेल.

७. साजरं करायचं कसं?

'द हिचहायकर्स गाइड टु द गॅलक्सी' लिहिणारे डग्लस ॲडम्स ११ मे २००१ रोजी गेले. दोनच आठवड्यांनी, २५ मेला, त्यांचे चाहते खांद्यावर टॉवेल टाकून फिरले, कारण त्यांच्या पुस्तकात टॉवेलचं भारी महत्त्व आहे. तेव्हापासून दरवर्षी 'टॉवेल डे' साजरा होतो. ना हार, ना भाषण.

आपल्याकडे धोका उलटा आहे. मोठा माणूस गेला की आपण त्याचा फोटो लावतो, उदबत्ती लावतो आणि मोकळे होतो. नारळीकरांना हे कितपत रुचलं असतं? २००८ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाचीच परीक्षा घेतली होती. त्यात शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या होत्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या तपासून कुठली कोणाची ते सांगितलं. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के आली असती! "मी सांगतो म्हणून माना" असं ते म्हणाले नाहीत. मोजून दाखवलं. अशा माणसाची पूजा करणं म्हणजे त्याचं काहीच न वाचणं.

म्हणून एक सुचवते. नवं सेमिस्टर सुरू होतं त्याच सुमारास १९ जुलै येतो, त्यांचा वाढदिवस. त्या दिवशी हॉस्टेलमधल्या प्रत्येकाने एक पोस्टकार्ड घ्यावं. त्यावर आपल्याला खरोखर पडलेला एक प्रश्न लिहावा. गुगलवर सहज मिळेल असा नको आणि व्हायव्हात विचारतात तसलाही नको. खाली पत्ता आपल्याच कॉलेजमधल्या एखाद्या सरांचा किंवा मॅडमचा टाकावा आणि कार्ड खरंच पोस्टात टाकावं. स्टाफमधल्या वाचकांना नम्र विनंती, की उत्तर कार्डावरच लिहा आणि खाली सही करायला विसरू नका. माहीत नसेल तर "माहीत नाही, मिळून शोधू" असं लिहा. तेही उत्तरच आहे.

उत्तरासकट परत आलेली कार्डं वहीच्या शेवटच्या पानांवर चिकटवा. पाच कॉलमची यादी पुढे आणि प्रश्न मागे. पोस्टकार्ड आणायला पोस्टात जावं लागतं, तेवढी तसदी घ्या!