शोधयंत्रास प्रश्न कसा विचारावा?

प्रश्न : निवृत्तिवेतनासंबंधीचा शासन निर्णय इंटरनेटवर शोधताना असंबद्ध पानांचा ढीग पुढे येतो. नेमका दस्तऐवज कसा गाठावा? – एक वाचक, सातारा

उत्तर : दफ्तरखान्यातील कारकुनास केवळ ‘जमिनीचे कागद द्या’ असे न म्हणता गाव, गट क्रमांक आणि साल सांगितले असता ज्याप्रमाणे हवा तो कागदपत्रांचा रुमाल तत्काळ हाती येतो, त्याचप्रमाणे गूगलसारख्या शोधयंत्रासही तपशील जितका नेमका द्यावा, तितके उत्तर नेमके मिळते. ज्या शब्दांचा क्रम अभंग हवा, ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालावेत. जो शब्द वगळावयाचा, त्याच्या आरंभी, मध्ये जागा न सोडता, वजाचिन्ह द्यावे. मराठीत आणखी एक दक्षता अवश्य आहे : ‘निवृत्तिवेतन’ आणि ‘निवृत्तीवेतन’ अशी दोन्ही लेखने प्रचारात असल्यामुळे एका रूपाच्या शोधात दुसरे निसटण्याचा संभव असतो, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे शोधावीत. सापडलेल्या निर्णयाच्या अखेरीस छापलेला संकेतांक महाराष्ट्र शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळल्यावाचून त्यावर विसंबू नये. कारण शोधणे ही अर्धी विद्या असून पारखणे ही तिची पूर्तता होय, आणि ती कोणत्याही वयात सरावाने साध्य होते, असा माझा दृढ विश्वास आहे.