अभय आणि रक्तदान

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी दैवी संपत्तीची गणना केलेली आहे. त्या गणनेत पहिले स्थान अभयाचे असून दानाचा निर्देशही त्याच पहिल्या श्लोकात आहे. एका श्लोकात आलेल्या या दोन गुणांचा परस्परसंबंध विचार करण्याजोगा आहे. धन देणाऱ्याला बहुधा लोभ जिंकावा लागतो; परंतु ज्याला स्वतःच्या शरीरातील रक्त द्यावयाचे आहे, त्याला भयही जिंकावे लागते. यास्तव प्रथमच रक्तदानास निघालेल्या गृहस्थाच्या मनाची अवस्था हा गीताभ्यासाचाच एक पाठ होय.

म्हैसूरच्या राणीचे उदाहरण

सुईची भीती आजची नव्हे. देवीच्या रोगाने घरेच्या घरे ओस पडत असत, अशा काळी, १४ जून १८०२ या दिवशी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी लस टोचण्यात आली. तेथून ती लस दक्षिणेकडे पसरली. ती एका मनुष्याच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर नेली जात असे. त्यामुळे टोचण्याचे भय आणि विटाळाची शंका अशा दोन्ही कारणांनी लोक मागे सरत.

१८०५ साली म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार यांच्याशी विवाहासाठी देवाजम्मणी ही कन्या राजवाड्यात आली. वधूवर दोघेही तेव्हा अवघे बारा वर्षांचे होते. तिने लस टोचून घेतली. चित्रकार टॉमस हिकी याने त्या सुमारास काढलेल्या तीन राजस्त्रियांच्या चित्रात एक तरुणी दंडावरचा पदर किंचित सरकवून उभी आहे. ती देवाजम्मणीच असून लस टोचलेली जागा प्रजेला दाखवीत आहे, असे इतिहाससंशोधक नायजेल चॅन्सेलर यांचे मत आहे. थोरांच्या आचरणाचे लोक अनुकरण करतात, हा तिसऱ्या अध्यायातील सिद्धांत येथे मूर्तिमंत दिसतो. बारा वर्षांच्या त्या मुलीला भीती वाटलीच नसेल, असे कोण म्हणेल? तरीही तिने हात पुढे केला, हे महत्त्वाचे.

आजचा गृहस्थ

आता त्याच नगरातील आजच्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. तो दरवर्षी चामुंडी टेकडीच्या सुमारे हजार पायऱ्या अनवाणी चढतो. पोटऱ्या भरून आल्या तरी कुरकुरत नाही. शेजारची स्त्री प्रसूत झाली, रक्तस्राव थांबेना, आणि तिला कृष्णराजेंद्र रुग्णालयात रक्त हवे आहे असे कळताच तो तातडीने निघतो. परंतु रक्तपेढीच्या दाराशी जाऊन सुई दृष्टीस पडताच त्याचे तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते, आणि काही निमित्त सांगून तो परत फिरतो. हजार पायऱ्यांचा क्लेश ज्याने आनंदाने सोसला, त्याला क्षणभराची टोचणी सोसवली नाही!

अशा मनुष्याला भ्याड म्हणून हिणवणे योग्य नव्हे. गात्रे शिथिल होणे, मुख सुकणे, अंग कापणे, उभे राहणे अशक्य होणे ही लक्षणे पहिल्या अध्यायात साक्षात अर्जुनाच्या ठायी वर्णिली आहेत. त्याचे कारण निराळे होते, हे खरे. परंतु शरीराची ही दशा वीरालाही चुकत नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

भयाचे स्वरूप

वैद्यकशास्त्रही या भयाकडे निराळ्या दृष्टीने पाहते. अन्य भयांत छाती धडधडते व रक्तदाब चढलेला राहतो. सुई व रक्त पाहून वाटणाऱ्या भयात मात्र पुष्कळांची नाडी व रक्तदाब प्रथम चढून मग एकाएकी उतरतात. मेंदूला रक्त अपुरे पडते आणि मूर्च्छा येते. ही प्रवृत्ती एकाच कुटुंबातील अनेकांत आढळते. तात्पर्य, हा देहधर्म आहे, चारित्र्यातील दोष नव्हे.

कारण कळले म्हणजे उपायही सापडतो. लार्स-योरान ओस्ट व उल्फ स्टर्नर या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली या भयावर एक सोपा अभ्यास मांडला. हात, पाय व धड यांचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, घट्ट आवळावे. मग २० ते ३० सेकंद सैल सोडावे. असे पाच वेळा करावे. यामुळे उतरणारा रक्तदाब सावरला जातो. काही दिवस घरी सराव करून रक्तदानाच्या वेळी पाय व दुसरा हात आवळावा. सुईचा हात मात्र सैल ठेवावा. सुईकडे पाहू नये, आणि आपण प्रथमच आलो आहोत व भीती वाटते, हे परिचारिकेला आधीच सांगावे. सहाव्या अध्यायात चंचल मनाला अभ्यास व वैराग्य हेच उपाय सांगितले आहेत. तोच अभ्यास येथे देहाच्या पातळीवर उपयोगी पडतो.

एक शंका व तिचे समाधान

कोणी म्हणेल, “भीती वाटते म्हणून न दिले, तर त्यात काय बिघडले? दान ऐच्छिक असते.” याचे उत्तर अठराव्या अध्यायात आहे. यज्ञ, दान व तप ही टाकू नयेत, असे पाचव्या श्लोकात सांगून, जो देहाला क्लेश होतील या भयाने कर्म सोडतो त्याचा त्याग राजस होय व त्याला त्यागाचे फळ मिळत नाही, असे आठव्या श्लोकात सांगितले आहे. शांतपणे विचार करून न देणे आणि भिऊन न देणे ही बाहेरून सारखी दिसली, तरी आतून भिन्न आहेत.

परंतु याचा अर्थ देहाला पीडा द्यावी, असाही नव्हे. शरीराला व्यर्थ कष्टविणारे तप सतराव्या अध्यायात निंद्य ठरविले आहे. रक्तदात्याचे वय १८ ते ६५ वर्षांचे, वजन किमान ४५ किलो व हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. प्रौढाच्या देहातील सुमारे पाच लिटर रक्तापैकी हा अल्प भाग होय. द्रवांश एकदोन दिवसांत व रक्तपेशी काही आठवड्यांत भरून निघतात. पुढील दानासाठी पुरुषांनी ९० दिवस व स्त्रियांनी १२० दिवस थांबावे. एकादशीच्या उपवासात रक्त देऊ नये; जेवून व झोप घेऊन जावे. वैद्याने आजाराविषयी विचारले असता काही लपवू नये, कारण तेथील असत्याने घेणाऱ्याचा घात होऊ शकतो. अपात्र ठरल्यास ते निमूटपणे मान्य करणे हेही सात्त्विकच आहे.

सात्त्विक दानाची कसोटी

परतफेडीची शक्यता नसलेल्याला, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले दान सात्त्विक, असे सतराव्या अध्यायात म्हटले आहे. रक्तदान या कसोटीला पुरेपूर उतरते. रक्तपेढीत दिलेले रक्त कोणाला मिळाले हे दात्याला बहुधा कळत नाही, आणि घेणाऱ्यालाही दाता ठाऊक नसतो. मग परतफेड कोठून? मोबदल्यासाठी दिलेले दान राजस. रक्त विकण्याला तर दान म्हणताच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली, ती योग्यच होय.

काळाचाही विचार करावा. तांबड्या पेशी सुमारे ३५ ते ४२ दिवस टिकतात, बिंबिका केवळ पाच दिवस. म्हणून एखाद्या दिवशी पुष्कळ दान होऊन पुढे चार महिने दुष्काळ पडला, तर उपयोग नाही. हे दान वर्षभर वाहते राहिले पाहिजे. पात्राविषयी तर बोलावयासच नको. थॅलसिमिया झालेल्या बालकाला दर काही आठवड्यांनी परक्याचे रक्त घेऊनच जगावे लागते. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या रुग्णाला तर त्याच दुर्मिळ गटाचा दाता मिळाल्यावाचून गत्यंतर नसते. प्रयोगशाळेत अनेक औषधे तयार होतात; मनुष्याच्या रक्ताची जागा पूर्णपणे घेईल असे काही अद्यापि तयार झालेले नाही.

दारावरून परतलेल्या त्या गृहस्थाला म्हणूनच पुनः जावयाचे आहे. भय समूळ गेल्यावर दान करीन, असे म्हणून जो थांबतो, तो थांबूनच राहतो. भय असतानाच हात पुढे करावा. सुई टोचल्याचा क्षण शीतोष्णाप्रमाणे येतो व जातो. आठदहा मिनिटांत पिशवी भरते. थोडी विश्रांती व काही पेय घेऊन मनुष्य घरी परततो. दुसऱ्या खेपेस तेच भय निम्मे झालेले असते. अभयातून दान घडते, आणि दानातून अभय वाढते. या दोन गुणांना एकाच श्लोकात का गुंफले असावे, हे त्या गृहस्थाला मग भाष्य न वाचताही उमगेल.